जिथून आले, त्यावरच प्रबंध लिहायचा का?

पत्र थोडक्यात असं आहे. पत्रलेखिका २६ वर्षांची, बीड जिल्ह्यातली. आईवडील ऊसतोडीला जायचे. भाऊ-वहिनी अजूनही दर हंगामात कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात जातात. तिचं लहानपण थोडं उसाच्या फडात, थोडं साखरशाळेत (ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीच्या हंगामी शाळेत) आणि उरलेलं आजीपाशी गावात गेलं. तालुक्याच्या कॉलेजातून मराठी माध्यमात बी.ए., पुण्यात समाजशास्त्रात एम.ए., मग नेट आणि आता पीएचडीला प्रवेश. कोर्सवर्क संपत आलं आहे. दोन महिन्यांत संशोधनाचा आराखडा सल्लागार समितीपुढे मांडायचा आहे. गाईड सरांचं म्हणणं असं, की ऊसतोडीवरच कर. तुला तिथं प्रवेश आहे, भाषा येते, ओळखी आहेत, काम वेळेत संपेल. तिच्या मनात मात्र वेगळा विषय आहे. एम.ए. करताना ती मैत्रिणींबरोबर एका मोठ्या गृहनिर्माण सोसायटीत भाड्याने राहत होती. घरकामाला येणाऱ्या बायकांनी कोणती लिफ्ट वापरायची, जाताना पिशवी कुठे उघडून दाखवायची, जिन्यात बसायचं की नाही, याच्या सूचना तिथल्या नोटीस बोर्डावर लागायच्या. हे नियम कोण करतं आणि कसे करतं, हे तिला शोधायचं आहे. ती लिहिते, ‘ऊसतोडीला नाही म्हटलं की आपल्या माणसांशी बेइमानी केल्यासारखं वाटतं. हो म्हणावं तर वाटतं, एवढं शिकून पुन्हा आमच्याच कोपीचं (फडाजवळच्या झोपडीचं) वर्णन करायचं का? बरोबरच्या मुलांची बी.ए.ची कॉलेजं चांगली होती. त्यांना थिअरी येते. माझ्याकडे फक्त माझं गाव आहे, असं सरांना वाटतं आणि आता मलाही वाटायला लागलंय. मी कोणता विषय घेऊ?’

तुझ्या पत्रातलं शेवटचं म्हणणं आधी घेते, कारण बाकीचा गुंता त्यातूनच झाला आहे. तुझ्याकडे फक्त तुझं गाव आहे, हे खरं नाही. नोटीस बोर्डावरचा कागद त्या सोसायटीतली सगळी माणसं रोज पाहत होती आणि लिफ्टने वर जात होती. तू तो वाचलास आणि तुला विचारावंसं वाटलं, की हे कोणी ठरवलं? हा प्रश्न तुला गावाने दिलेला नाही, कॉलेजनेही नाही. तो तुझा आहे आणि तो अस्सल समाजशास्त्राचा प्रश्न आहे.

सरांबद्दल तुझ्या पत्रात राग दिसतो. तो समजण्यासारखा आहे, तरी त्यांची बाजू पाहा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२च्या नियमांप्रमाणे पीएचडीला कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ६ वर्षं मिळतात, पुनर्नोंदणी केली तर आणखी २. स्त्रियांना त्याहून आणखी २ वर्षांची सवलत आहे, हे लक्षात असू दे. मनासारखा विषय घेतला, पण फिल्डमध्ये कोणी दारातही उभं केलं नाही, म्हणून अर्ध्यावर अडकलेले विद्यार्थी बहुतेक गाईडांनी पाहिलेले असतात. फेलोशिप संपते, घरचे लग्नाचं बघायला लागतात, आणि मग प्रबंध राहतो तो राहतोच. ‘वेळेत संपेल’ म्हणताना सरांच्या डोळ्यांसमोर असं कोणीतरी असू शकेल.

पण कुठे सहज शिरकाव होतो, एवढ्यावरून फार तर जागा ठरेल. विषय ठरणार नाही. विषय ठरतो प्रश्नावरून, ज्याचं उत्तर आज आपल्याला माहीत नाही अशा प्रश्नावरून. सरांनी तुला असा प्रश्न दिला आहे का? पत्रात तरी मला दिसला नाही. ‘ऊसतोड कामगारांचं सामाजिक जीवन’ हे शीर्षक आहे. अशा शीर्षकाखाली घरं किती, मुलं किती, उचल (हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम) किती, शिक्षण किती अशी कोष्टकं भरत जातात आणि शेवटी तुला बारा वर्षांची असतानाच जे ठाऊक होतं तेच सिद्ध होतं. तुझी खंत याचीच आहे आणि ती रास्त आहे.

या खंतीला आपल्या शास्त्रात मोठा इतिहास आहे. राज्यशास्त्रज्ञ गोपाळ गुरू यांनी २००२ साली एका लेखात विचारलं होतं, की भारतातली समाजविज्ञानं खरोखर किती समतावादी आहेत? त्यांचं म्हणणं असं, की काहींनी सिद्धान्त मांडायचे आणि काहींनी अनुभवाची सामग्री पुरवायची, अशी एक जातव्यवस्था ज्ञानाच्या क्षेत्रातही आहे. सिद्धान्त करणारे ब्राह्मण आणि अनुभव पुरवणारे शूद्र, इतक्या स्पष्ट शब्दांत त्यांनी ते लिहिलं. दलितांनी सिद्धान्ताच्या प्रांतात हक्काने उतरलं पाहिजे, हा त्या लेखाचा आग्रह होता. तुझ्या विभागाच्या ग्रंथालयात तो मिळेल, या आठवड्यातच वाच. शहरातल्या कॉलेजातून आलेल्या मुलाला ‘तुझ्या अपार्टमेंटवर प्रबंध लिही, तुला तिथं प्रवेश आहे,’ असं क्वचितच कोणी सांगत असेल. त्याला विषय निवडायची मोकळीक आहे असं गृहीत असतं, आणि तुझ्या बाबतीत तुझा विषय तुझ्या जन्मानेच ठरला असं गृहीत असतं. सरांच्या मनात असं काही नसेलही. तरी ही सवय आपल्या विभागांच्या अंगवळणी पडलेली आहे, आणि तुझ्यासारख्या अनेकांना तिचा जाच होतो. आदिवासी पाड्यातून आलेल्या मुलाला पाड्यावर, भटक्या समाजातल्या मुलीला तांड्यावर, मुस्लिम मुलीला मुस्लिम स्त्रियांवर. त्यांना यांतलं काही करायचंच असेल तर उत्तम. पण आधी विचारायला हवं ना?

मे १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात २५ वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. म्हणजे आज तू आहेस त्याहून वर्षभराने लहान असताना. जातीचा अनुभव सांगायला त्या खोलीत त्यांच्याइतका अधिकारी माणूस नव्हता. पण त्या निबंधात त्यांनी मांडली ती जात चालते कशी याची यंत्रणा. जातीतल्या जातीत लग्न हे तिचं मर्म आहे आणि ते टिकवण्यासाठी स्त्रियांवर बंधनं येतात, सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह यांचं मूळ तिथं आहे, ही त्यांची मांडणी आजही अभ्यासक्रमात शिकवली जाते. ज्याने सोसलं त्याने फक्त सोसल्याचं सांगायचं, हा दंडक त्यांनी त्या वयात मानला नाही.

आता नाण्याची दुसरी बाजू, आणि इथं तुला थोडं टोकणार आहे. ‘आमच्याच कोपीचं वर्णन’ असं तू लिहितेस, तेव्हा ऊसतोडीचा अभ्यास म्हणजे वर्णनच असणार, हे तूही सरांसारखंच गृहीत धरते आहेस. तसं नाही. पिएर बूर्द्यू हे विसाव्या शतकातलं समाजशास्त्रातलं फार मोठं नाव. तो फ्रान्सच्या नैर्ऋत्येच्या बेआर्न या शेतकरी भागातला, वडील पोस्टात नोकरीला. पॅरिसला शिकून मोठा झाल्यावर तो आपल्या लहानपणीच्या गावाकडे परत गेला आणि १९६२ साली त्याने तिथल्या अविवाहित पुरुषांवर दीर्घ निबंध लिहिला. गावाचं नाव बदललं होतं. त्याचा प्रश्न साधा होता: जमिनीचा वारस असलेला थोरला मुलगा एके काळी लग्नाच्या बाजारात सर्वांत वरचा मानला जायचा, मग आता तोच बिनलग्नाचा का राहतो? या प्रश्नातून जमीन, वारसा, शहराची ओढ, नाचाच्या कार्यक्रमात अवघडून कडेला उभा राहणारा शेतकऱ्याचा देह, असं सगळं उलगडत गेलं. मराठवाड्यात आज गावोगाव तिशी ओलांडलेली शेतकऱ्यांची मुलं मुलगी मिळत नाही म्हणून बसून आहेत. तुला हा निबंध परका वाटणार नाही. आपल्या गावावर लिहिण्यात कमीपणा नाही. प्रश्नावाचून लिहिणं मात्र पोकळ ठरतं.

आणि आपल्या माणसांचा अभ्यास सोपा असतो, हे सरांचं दुसरं गृहीतक. ते तर मला मुळीच पटत नाही. वहिनीला तू विचारशील, ‘हंगामात खाडा झाला तर काय होतं?’ ती म्हणेल, ‘तुला माहीतच आहे की.’ आणि गप्प होईल. बाहेरच्या संशोधकाला ती अर्धा तास समजावून सांगेल, कारण त्याला काही कळत नाही हे तिला दिसतं. तुला मात्र ती अर्धंमुर्धं सांगेल आणि उरलेलं तू स्वतःच्या आठवणीतून भरशील. दहा वर्षांपूर्वीची आठवण आजचा डेटा म्हणून प्रबंधात जाईल आणि गेली हे तुझ्या लक्षातही येणार नाही. शिवाय मुकादम, म्हणजे तोडणीची टोळी जमवणारा ठेकेदार, नात्यातला किंवा शेजारच्या गावचा. उचलीच्या हिशोबाबद्दल तू खोदून विचारलंस, ते छापून आलं, तर पुढच्या हंगामाला भाऊ-वहिनीचा सौदा कोण करणार? बूर्द्यूसारखं गावाचं नाव बदललं तरी बीडमध्ये सगळ्यांना कळेल, की ही कोणाची मुलगी आणि हा मुकादम कोण. संशोधक फिल्डमधून परत येतो असं पुस्तकात लिहिलेलं असतं. तुला तिथून परत यायचं नाही, दिवाळीला तिथंच जायचं आहे.

आतला आणि बाहेरचा ही रेघही सरळ नसते. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास १९४८ साली म्हैसूरजवळच्या रामपुरा गावात राहायला गेले. मुलूख आपला, भाषा कन्नड, पूर्वज त्याच टापूतले. पण ते ब्राह्मण होते आणि गावाच्या पाटलाने त्यांना आपल्या वाड्यात जागा दिली. मग गाव त्यांना जे दिसलं ते बरंचसं त्या ओसरीवरून. दलित वस्तीशी आपला संबंध फार कमी आला, हे त्यांनी पुढे मोकळेपणाने सांगितलं. तूही आता पुण्यात राहणारी, फेलोशिप मिळणारी, इंग्रजी पुस्तकं वाचणारी मुलगी आहेस. टोळीतल्या बायका तुला आपली म्हणतील आणि पोटातलं सांगताना जरा थबकतीलही. यात वाईट वाटून घेऊ नकोस. शिकलं की हे घडतं, आणि ते लपवण्यापेक्षा आपल्या वहीत लिहून ठेवलेलं बरं.

बेइमानीबद्दल मला तुला एक विचारायचं आहे. प्रबंध ऊसतोडीवर कर, असं घरातल्या कोणी तुला म्हटलं आहे का? आईने? वहिनीने? पत्रात त्याचा उल्लेख नाही. तुझ्या प्रबंधाची वाट ती पाहत असतील असं तू धरून चालली आहेस. ऊसतोड बायकांवर कोणी लिहिलंच नाही, अशी स्थिती आता राहिलेली नाही. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी केली आणि त्यांतल्या १३ हजारांहून जास्त जणींच्या गर्भपिशव्या काढलेल्या आढळल्या. देशभर बातम्या झाल्या. स्थलांतर, मुलांची शाळा, लवकर होणारी लग्नं, यांवर अहवाल आणि प्रबंध आहेत. माहितीअभावी वहिनीची परिस्थिती सुधारायची राहिली आहे असं नाही. तेव्हा तू हा विषय घेतला नाहीस तर त्या बायकांचं म्हणणं जगापुढे येणारच नाही, हे ओझं डोक्यावरून उतरव. तिच्यासाठी काही करायचंच असेल, तर या हंगामात मुकादमाने किती खेपा धरल्या, किती कापले, हे टिपून ठेवायची वही तिला करून दे. ऊसतोड कामगारांच्या कल्याण महामंडळाची नोंदणी आणि ओळखपत्र झालं आहे का ते बघ. हे प्रबंधाशिवायही करता येतं, आणि उद्या करता येतं.

सोसायटीच्या विषयाकडे येते. लॉरा नाडर या अमेरिकन मानवशास्त्रज्ञ बाईंचा १९७२च्या सुमाराचा एक निबंध आहे. त्यात त्यांनी आपल्या सहकाऱ्यांना विचारलं, की आपण कायम गरिबांचा, वसाहतींचा, दुबळ्यांचाच अभ्यास का करतो? बँका, कंपन्या, सरकारी खाती, म्हणजे जिथं निर्णय होतात, तिथं का पाहत नाही? गरीब गरीब का, हे विचारतो तसं श्रीमंतांचे नियम बनतात कसे, हेही विचारायला हवं. तुझं कुतूहल नेमकं याच वाटेवरचं आहे. आणि ते महाराष्ट्रात फार चांगलं रुजेल, कारण आपल्याकडची सोसायटी ही नुसती इमारत नसते. ती १९६०च्या सहकारी संस्था कायद्याखाली नोंदलेली संस्था असते. तिला उपविधी असतात, व्यवस्थापक समिती असते, निवडणूक असते, ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यावी लागते, इतिवृत्त लिहावं लागतं. म्हणजे वेगळ्या लिफ्टचा नियम कुठल्यातरी सभेत, कोणाच्यातरी सूचनेने, कोणाच्यातरी अनुमोदनाने आला असेल. नाहीतर मुळीच सभेपुढे न येता कोणीतरी छापून चिकटवला असेल. यांपैकी काय झालं? कोणी विरोध केला का? भाडेकरूंना मत नसतं, मग ते काय म्हणतात? आता गेटवर मोबाइल अॅप आलं, त्यात कामाच्या बाईची आत-बाहेरची वेळ घरमालकाच्या फोनवर दिसते. ते आणायचा ठराव कोणी मांडला? तुझ्या एका नोटीस बोर्डात सहकार, कायदा, जात, शहर आणि स्त्रियांचं श्रम हे सगळं एकत्र आलं आहे. कितीतरी साखर कारखानेही सहकारी आणि ही सोसायटीही सहकारी. सहकाराच्या दोन्ही घरांत ज्यांच्या श्रमावर काम चालतं त्या बायका सभासद नाहीत. हे मला पत्र वाचताना जाणवलं आणि फार वेळ मनातून गेलं नाही.

दुसरं असं, की हा विषय तुझ्या गावापासून वाटतो तितका लांब नाही. १९७२च्या दुष्काळात आणि त्यानंतरही मराठवाड्यातून, सोलापूरकडून कुटुंबंच्या कुटुंबं पुण्यात आली आणि त्यांतल्या कितीतरी बायका धुण्याभांड्याच्या कामाला लागल्या. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी आपणहून संप केला, त्यातून त्यांच्या संघटना उभ्या राहिल्या. घरकामगारांच्या कल्याण मंडळाचा राज्याचा कायदा आला तो २००८ साली. ती बाई गेटवर उभी राहून वॉचमनशी ज्या बोलीत बोलते ती तुला कळते. ऊस सोडून घरकामाला आलेली कोणीतरी तिथं भेटेलच.

पण इथं एक धोका आहे. तू सोसायटीत जाशील. सेक्रेटरी आठ दिवस टोलवील, चेअरमन ‘कुठल्या तुम्ही?’ विचारून मग ‘आमच्याकडे तसलं काही नाही’ म्हणेल. बाहेर कट्ट्यावर बसलेल्या बायका मात्र तुला चहा देतील आणि भरभरून बोलतील. सहा महिन्यांनी तुझ्या वहीत चाळीस मुलाखती असतील आणि त्या सगळ्या कामवाल्या बायकांच्या. मग प्रबंध होईल ‘घरकामगार स्त्रियांच्या समस्या’, म्हणजे पुन्हा तेच वर्णन, फक्त फडाऐवजी गेट. तुझा प्रश्न नियम करणाऱ्यांचा आहे, तर मुलाखती त्यांच्याच जास्त हव्यात. चेअरमन, सेक्रेटरी, सोसायटीचा पगारी मॅनेजर, सुरक्षा एजन्सीचा सुपरवायझर, समितीत निवडून आलेल्या बायका, सभांना कधीच न जाणारे सभासद. इतिवृत्तं पाहायला मागायची, नाहीच मिळाली तर नोटिसांचे फोटो तारखेसह जमवायचे. तुला ‘कुठल्या तुम्ही?’ हे कोणी, कोणत्या सुरात, कोणत्या दारात विचारलं, तेही रोज लिहून ठेवायचं. जे दार उघडलं नाही, ते का उघडलं नाही, यावर प्रबंधात एक प्रकरण होऊ शकतं.

माझं मत विचारशील तर सोसायटीचा विषय घे. कारण तुझ्या पत्रात ऊसतोडीबद्दल जिथं जिथं लिहिलं आहेस तिथं कर्तव्याची भाषा आहे, आणि सोसायटीबद्दल लिहिताना एकामागून एक प्रश्न आले आहेत. चार-पाच वर्षांच्या कामात कर्तव्य पहिल्या वर्षातच थकतं. तरीही एक शंका स्वतःशी तपासून पाहा, कोणाला सांगू नकोस हवं तर. ऊसतोड नको वाटते ती दमल्यामुळे, की विभागातल्या मुलांपुढे ‘ऊसतोड्याची मुलगी’ म्हणून ओळखलं जाईल या धास्तीने? दमणुकीमुळे असेल तर निःशंक सोड. अनुभव तुझा आहे. तो कधी, कोणापुढे आणि किती उघडायचा हा अधिकारही तुझाच. धास्ती असेल तर थोडं थांब, कारण ती धास्ती दुसऱ्या विषयातही तुझ्याबरोबर येईल. चेअरमनच्या दिवाणखान्यात तुला ती पहिल्याच दिवशी भेटेल.

आणि समजा सरांनी ऊसच धरून ठेवला, किंवा तूच विचारान्ती तिकडे वळलीस, तर तिथंही नजर वर वळवता येते. कारखाना टोळीशी थेट बांधलेला नसतो. तोडणी-वाहतुकीचा करार होतो तो वाहतूकदाराशी किंवा मुकादमाशी, पैसा त्याच्या हातून उचल म्हणून खाली येतो, आणि ऊस तोडणारी जोडी कारखान्याच्या हजेरीपटावर कुठेच नसते. हा करार कागदावर कसा लिहिला जातो, जोखीम कोणाच्या अंगावर पडते, पैसे बुडाले की मुकादम काय करतो, कारखान्याचा शेतकी अधिकारी याकडे कसा पाहतो? नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरतात, तर बाईच्या कामाची वेगळी नोंद कुठे होते का? हे प्रश्न कोपीच्या वर्णनापेक्षा फार पुढचे आहेत. तसं करणार असशील तर आपली टोळी, आपला मुकादम आणि आपला तालुका सोडून दुसरीकडे काम कर, म्हणजे ‘तुला माहीतच आहे की’ या वाक्यातूनही सुटशील आणि भावाचा सौदाही अडचणीत येणार नाही.

थिअरीच्या भीतीबद्दल. तालुक्याच्या कॉलेजात काही गोष्टी राहून गेल्या असतील हे मी नाकारत नाही. इंग्रजी मूळ ग्रंथ वाचायची सवय, थोडी संख्याशास्त्राची ओळख, ग्रंथालयात शोधायची हातोटी. या सगळ्या भरून काढता येतात आणि पीएचडीचं पहिलं वर्ष त्यासाठीच असतं. बरोबरची मुलं थिअरी येते म्हणून जे बोलतात त्यातलं पुष्कळसं नावं घेणं असतं. फूको, बूर्द्यू ही नावं कॉलेजच्या कँटीनमध्ये ऐकून ओठांवर बसतात. तू एक लेखक धर, त्याचा एकच निबंध घे, रोज पाच पानं वाच आणि वाचून झालं की ती पानं मिटून, त्याने काय म्हटलं ते मराठीत दहा ओळींत लिही. जिथं लिहिता येत नाही तिथं कळलेलं नाही, परत वाच. तीन-चार जणांचा वाचनगट करता आला तर आणखी चांगलं. त्यात शहरातल्या कॉलेजचीही मुलं असू देत, त्यांनाही गरज असते. पुण्यात राहून जयकर ग्रंथालय, डेक्कन कॉलेज आणि गोखले इन्स्टिट्यूटची ग्रंथालयं हाताशी आहेत. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर जाऊन ऊसतोड, घरकामगार आणि गृहनिर्माण सोसायटी या तिन्हींवरचे प्रबंध उघडून फक्त पहिली आणि शेवटची प्रकरणं वाच. कोणता प्रश्न विचारून झाला आहे आणि कोणता कोणी विचारलाच नाही, हे तुला दोन आठवड्यांत दिसेल. टिपा मराठीतच काढ, आपल्या बोलीत. आपल्या अनेक विद्यापीठांत समाजशास्त्राचा प्रबंध मराठीत सादर करता येतो. तुझ्या विद्यापीठाचा नियम पाहून ठेव. पण इंग्रजी वाचन त्या कारणाने टाळू नकोस, नाहीतर जगात या प्रश्नावर काय चाललं आहे ते कळायला तुला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावं लागेल.

सरांशी बोलताना ‘मला हा विषय नको’ असं सांगायला जाऊ नकोस. दोन टिपणं घेऊन जा, प्रत्येकी दोन पानांची. एक सोसायटीचं, एक ऊसतोड कराराचं. प्रत्येकात चारच गोष्टी असू देत: माझा प्रश्न काय, यावर आधी काय लिहिलं गेलं आहे, मी कोणाकोणाशी बोलेन आणि कोणते कागद पाहीन, आणि कुठे अडेल असं मला वाटतं. अडचणी तूच आधी लिहिल्यास तर सरांचा निम्मा आक्षेप तिथंच विरतो. त्याआधी पंधरा दिवसांत चाचणी म्हणून दोन सोसायट्यांत जा. ज्या सोसायटीत राहत होतीस ती एक, अजिबात ओळख नसलेली दुसरी. एक चेअरमन किंवा सेक्रेटरी, एक मॅनेजर, एवढ्यांशी बोलणं झालं तरी पुरे. सरांची शंका ‘प्रवेश मिळेल का’ ही आहे आणि त्याचं उत्तर वादाने मिळणार नाही, या दोन मुलाखतींच्या टिपांनी मिळेल. प्रवेश अजिबात मिळाला नाही तर तेही खरंखरं सांग, आणि आराखड्यात पर्यायी वाट घाल: सोसायट्यांच्या महासंघाचे पदाधिकारी, उपनिबंधक कार्यालयातल्या तक्रारी, घरकामगार संघटनांकडचे जुने वाद.

सर दोन्ही टिपणं न वाचताच नाही म्हणाले, तर समितीतल्या दुसऱ्या सदस्यांचं मत घ्यायला त्यांची परवानगी माग. त्यांच्या पाठीमागून जाऊ नकोस. विभाग लहान असतो आणि तुला तिथं अजून काही वर्षं काढायची आहेत. गाईड बदलण्याची तरतूद असते, पण तो शेवटचा उपाय. विषयाच्या मतभेदावरून तिथपर्यंत जायची वेळ सहसा येत नाही.

समितीपुढे तुला कदाचित इंग्रजीत मांडणी करायला सांगतील. मराठीत बोलायचं असेल तर आधीच सरांना सांगून ठेव. इंग्रजीत बोलायचं ठरलं तर पहिली तीन मिनिटं पाठ करून जा, नोटीस बोर्डाचा फोटो पडद्यावर दाखव आणि त्यावरच्या नियमापासून सुरुवात कर. तुझ्या घराबद्दल कोणी विचारलंच, तर जेवढं सांगावंसं वाटेल तेवढं सांग आणि पुढच्या मुद्द्याकडे वळ.